मुहन्नद म्हणजे मुहम्मद नव्हे

पैगंबर मुहम्मदांच्या काळातला अरबी कवी काब इब्न जुहैर, त्याच्या कवितेत ‘मुहन्नद’ असं येतं, ती ‘मुहम्मद’ची छपाईची चूक आहे का, असं तुम्ही विचारलंय. चूक नाही, शब्द बरोबर आहे आणि आपल्याला तर फार जवळचा आहे, कारण त्याच्या पोटात ‘हिंद’ बसलाय. मुहन्नद म्हणजे हिंदी पोलादाची तलवार.

दोन्ही शब्दांचा साचा एकच, फक्त धातू, म्हणजे शब्दाची मूळ अक्षरं, वेगळी, ह-म-द वरून मुहम्मद आणि ह-न-द वरून मुहन्नद, त्यात अरबीत हे दोन ‘ह’ निराळी अक्षरं आहेत पण देवनागरीत सारखेच दिसतात म्हणून घोळ होतो. आपला ‘मुक्रर’ आणि ‘मुरंबा’ पण याच साच्यातले! शब्द इस्लामच्या आधीचा आहे, तरफा या कवीच्या मुअल्लकात (इस्लामपूर्व अरबी काव्यातल्या नावाजलेल्या दीर्घ कवितांपैकी एक) आप्तांनी केलेला अन्याय मुहन्नदच्या घावापेक्षा जास्त झोंबतो असं म्हटलंय. दक्षिण भारतातल्या पोलादाचं नाव तेव्हा तिथवर पोचलेलं होतं.

आता काब. बाप जुहैर मुअल्लकातल्या मोठ्या कवींपैकी, भाऊ बुजैर मुसलमान झाला तेव्हा काबने त्याला आणि पैगंबरांना टोचणारं काव्य केलं आणि ते जिवावर बेतलं. 630 मध्ये मक्का जिंकल्यावर बुजैरने निरोप धाडला की माफी मागायला ये नाहीतर दूर कुठेतरी निघून जा. काब मदिनेत आला, पैगंबरांसमोर बसला आणि ओळख न देता विचारलं, काब पश्चात्ताप करून आला तर स्वीकाराल का? हो म्हटल्यावर नाव सांगितलं आणि ‘बानत सुआद’ ही कविता म्हणून दाखवली. सुरुवात प्रेयसी सुआद सोडून गेली त्या विरहाची, मग उंटिणीचं लांबलचक वर्णन, आणि शेवटाकडे ही ओळ: रसूल, म्हणजे पैगंबर, हे उजेड देणारी तलवार आहेत, अल्लाहच्या तलवारींतली उपसलेली मुहन्नद.

परंपरेत असं सांगतात की काब आधी ‘हिंदच्या तलवारींतली’ म्हणाला होता, पैगंबरांनी ते ‘अल्लाहच्या’ असं सुधारलं. मला ही दुरुस्ती काव्य म्हणूनही फार आवडते, हिंद तर मुहन्नदमध्ये आलेलाच आहे, परत कशाला!

खूश होऊन पैगंबरांनी अंगावरची बुर्दा, म्हणजे शाल, काबला दिली अशी कथा आहे, म्हणून या कवितेलाही कसीदा बुर्दा, म्हणजे शालीचं स्तुतिकाव्य, म्हणतात. पण आज जास्त गायली जाते ती बुर्दा इजिप्तचा कवी बूसिरी याची, 13व्या शतकातली, तेव्हा मुहन्नदची ओळ शोधायची असेल तर ‘बानत सुआद’ याच नावाने शोधा.