अंक गिरवायची घाई करू नकोस

सोलापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

जूनपासून तुला बालवाडीचा मोठा गट मिळाला, वाचून फार आनंद झाला. गणित-विज्ञानाचं साहित्य कुठून विकत आणू, असं तू विचारलंयस. इतक्यात काही विकत आणू नकोस. तुझी शाळा पूर्व भागात. आजूबाजूला यंत्रमाग आहेत. एखाद्या कारखान्यात जाऊन सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन, म्हणजे सूत गुंडाळायच्या एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असलेल्या नळ्या माग, पिशवीभर मिळतील. पुसून घे आणि फाटलेले बाजूला काढ.

वर्गात आधी चेंडू घरंगळत सोडायला दे. मग पुठ्ठ्याची सरळ नळी. दोन्ही सरळ जातात. आता कोन आडवा ठेवून ढकलायला सांग. तो वळतो आणि गोल फिरून जवळजवळ ढकलणाऱ्यापाशीच येतो. मुलं ओरडतील. कुणीतरी म्हणेल, "बाई, हा बिघडलाय." तिथे तोंड मिटून बस. फार तर "दुसरा घेऊन बघ" म्हण. दुसराही वळतो. मग कुणीतरी तो फिरवून ठेवेल, तर तो विरुद्ध बाजूला वळेल. जाड टोक एका फेरीत जास्त अंतर कापतं, बारीक टोक कमी, म्हणून कोन वळतो. हे तुला पक्कं माहीत हवं, पण पाच वर्षांच्या मुलाला सांगू नकोस. त्याने जाड टोकावर बोट ठेवून "हिकडं मोठं हाय म्हणून" म्हटलं, की त्या दिवसाचं विज्ञान झालं. हेच कोन एकात एक घालून मनोरे होतात, ओळीने मांडून वर्गाची लांबी मोजता येते. एका मुलाने फटी सोडून मांडले आणि दुसऱ्याने चिकटवून, तर दोघांची उत्तरं वेगळी येतात. ते भांडण लगेच मिटवू नकोस, त्यांना वाद घालू दे.

आता अंकांचं. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं तुला पहिल्याच दिवशी भेटतील. त्यांच्यापुढे सात चिंचोके ठेव आणि मोजायला सांग. बोट एकावर दोनदा पडेल, एखादा सुटेल. म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मोठ्या गटाचं खरं काम मोजणं हे आहे. नीट मोजून झाले की "मग किती?" असं पुन्हा विचार. पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे अजून बसलेलं नसतं. मग तेच चिंचोके लांब-लांब पसरून विचार, "आता जास्त झाले का?" बरीच मुलं हो म्हणतील. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच मांडून दाखवलं होतं. "चूक" म्हणू नकोस. प्रत्येक चिंचोक्याला एक बाटलीचं झाकण लावायला दे, पुन्हा जवळ आणायला दे. अनेक दिवस लागतील, लागू देत.

आणि तेलुगू घरातलं मूल ओकटी, रेंडू, मूडू म्हणत मोजत असेल तर मोजू दे. कन्नड, उर्दू, काहीही चालेल. हाताला संख्या कळली की मराठी नाव मागून येतं. विड्या मोजून जुड्या बांधणाऱ्या आईच्या शेजारी बसलेल्या मुलाला गट करणं तुझ्याआधी कळलेलं असतं, त्याला पुढे बोलाव. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली, की "मिरवणुकीत नंदीध्वज किती होते?" विचार. बरोबर सात म्हणणारे निघतातच.

लहान गटाच्या हाती मात्र चिंचोके, शेंगदाणे देऊ नकोस. नाकात घालतात, घशात अडकतात. त्यांना मोठी झाकणं आणि वाट्या दे.

पाण्याचे खेळ घे, पण पाणी जपून. घमेलंभर पुरतं. सोललेलं आणि न सोललेलं संत्रं सोडून बघ. सालासकट तरंगतं, सोललं की बुडतं, कारण सालात हवा असते. मार्चच्या उन्हात फरशीवर पाणी ओतून त्याभोवती खडूने रेघ मार, तसंच सावलीतही. दर थोड्या वेळाने नवी रेघ मारायला मुलांनाच पाठव. आपल्याकडच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घे.

पालक विचारतील, "वहीत काहीच नाही?" त्यांना घाबरू नकोस आणि भाषणही देऊ नकोस. शनिवारी बोलावून मुलांसोबत चिंचोके मांडायला बसव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही गावात मिळणाऱ्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळ आणि कृतीच सांगितली आहे. मुख्याध्यापकांनी अडवलं तर हे सांग.

पहिल्या महिन्याचं वेळापत्रक लिहून पाठव. कोनांचा तास मधल्या सुट्टीआधी ठेव, नंतर मुलं दमलेली असतात. बाकी पाहून कळवते.

तुझी,
बाई