खळगा न पडणारी सूज

चि. डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज वाचला. साठीची बाई, चेहरा आणि पापण्या सुजलेल्या, लघवीत प्रोटीन नाही, क्रिएटिनीन (किडनीची रक्तचाचणी) किंचित वर, कुणीतरी लॅसिक्स, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, चालू करून दिलेलं आणि सूज काही उतरेना. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी मंदावली की वाढतं ते) शंभराच्या वर आला तेव्हा उलगडा झाला: थायरॉइड कमी पडलेलं. आता तू विचारतेस, हे आधी कसं ओळखायचं, आणि अशी एखादी बेशुद्धीत गेलेली आली तर घाटमाथ्यावरच्या त्या रुग्णालयात, हाताशी दोन सिस्टर आणि एक ऑक्सिजन, एवढ्यावर काय करायचं. फोनवर उरकण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले.

आधी अंगठ्याचं बोलू. नडगीवर अंगठा दाबून ठेव, चांगले पाच-दहा सेकंद. ओपीडीत रांग असली की आपण नुसतं टोचल्यासारखं करतो आणि ‘एडिमा प्लस’ लिहून मोकळे होतो. हृदयाची, किडनीची, लिव्हरची सूज असेल तर खळगा पडतो आणि सावकाश भरतो. थायरॉइडच्या सुजेत बोट उचललं की त्वचा होती तशी, कारण तिथे नुसतं पाणी नसतं. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की त्वचेच्या आतल्या थरात हायलुरॉनिक ॲसिड आणि त्याच्या जातीचे पदार्थ साठत जातात आणि ते पाणी घट्ट धरून ठेवतात. (हेच हायलुरॉनिक ॲसिड हल्ली सीरमच्या इवल्याशा बाटल्यांतून महागड्या भावाने विकतात, आपल्या पेशंटला ते फुकटात आणि नको तितकं मिळालेलं असतं.) ते लॅसिक्सने कसं निघणार? उलट या बायकांचं सोडियम बरेचदा आधीच खाली असतं, ते आणखी घसरतं. पायांवर कधीकधी खळगा पडतोही, सोबत रक्त कमी असेल किंवा हृदय थकलेलं असेल तर. म्हणून एकट्या अंगठ्यावर भिस्त ठेवू नकोस. चेहऱ्याकडे ये.

पापण्या फुगलेल्या, ओठ जाड, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. जीभ बाहेर काढायला सांग, कडेला दातांचे ठसे दिसतील. तळहात पिवळट असतील तर कावीळ लिहायची घाई नको, डोळ्याचा पांढरा भाग बघ. तो पांढरास्वच्छ असेल तर ते कॅरोटीन आहे. आवाज ऐक. घोगरा, जड, शब्द जिभेवर रेंगाळणारे. ‘घसा बसलाय जरा’ असं ती म्हणेल, किती दिवस बसलाय ते विचार. मग खुर्चीवर गुडघे टेकवून उभी कर आणि टाचेच्या वर हातोडी मार. पाऊल खाली जातं नेहमीसारखं, पण परत यायला वेळ घेतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की पुन्हा पुस्तक उघडावं लागणार नाही. आपल्या सिस्टरलाही दाखव.

आता मुद्द्याची गोष्ट. हा आजार अवघड म्हणून हुकत नाही. तो इतका सावकाश येतो की घरच्यांच्या नजरेला सवय होते. बाई वर्षभर सुस्तावत जाते, थंडी सोसेना म्हणून उन्हाळ्यातही अंगावर शाल घेते, शौचाला होत नाही, ऐकायला कमी येतं, आणि घर म्हणतं वय झालं. नाहीतर सून म्हणते सासूबाई सुखाने फुगल्या. बायका तर काय, अंगावर काढण्यात पटाईत. त्यामुळे ‘चेहरा बदललाय का हो?’ असं विचारून काही हाती लागत नाही. नातेवाइकाकडे सरळ आधार कार्ड माग. त्यावरचा फोटो कुणाचाच चांगला येत नाही, पण तो काही वर्षांपूर्वीचा असतो आणि समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहता येतो. मुलगा स्वतःच कार्ड हातात धरून आईकडे बघत गप्प उभा राहतो, असं कितीदा झालंय.

हे सगळं लोकांच्या लक्षात यायलाही बराच काळ गेला. विल्यम गल यांनी लंडनमध्ये १८७३ साली अशा प्रौढ बायकांचं वर्णन केलं. पुढे ऑर्ड यांनी शवविच्छेदनात त्वचेतला तो बुळबुळीत साठा पाहिला आणि मिक्सिडिमा हे नाव दिलं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये कोखर गलगंडाची ऑपरेशनं करत होते. ग्रंथी पूर्ण काढलेले रुग्ण नंतर असेच सुजतात, मंद होतात, हे त्यांनी १८८३ साली स्वतःच मांडलं. याच ग्रंथीवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं. पण मला आवडते ती न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांची पेशंट. १८९१ साली त्यांनी एका बाईला मेंढीच्या थायरॉइडच्या अर्काची इंजेक्शनं दिली, पुढे अर्क तोंडाने सुरू ठेवला. ती १९१९ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी गेली. तोवर तिच्या पायी ८७० हून जास्त मेंढ्या खर्ची पडल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं! आपल्याकडे थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाच्या, शंभर गोळ्यांची बाटली बसच्या तिकिटाच्या भावात मिळते आणि गोळी तीन महिन्यांत बंद होते.

गोळी बंद का होते, हे विचारायला शीक. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘शेवटची गोळी कधी घेतली?’ असं विचार. मग कळतं: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबवली. उपाशीपोटी घ्यायची असते आणि पहाटे चहाशिवाय चालत नाही म्हणून राहून गेली. कुणीतरी काढा दिला, म्हणाले इंग्रजी औषध सोडा. लेकीकडे गेले होते, बाटली घरी राहिली. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे बंद केल्यावर पहिले कित्येक दिवस काहीच बिघडत नाही. बाई म्हणते, बघा, गोळीवाचून चाललं की! बिघडतं तेव्हा गोळी बंद केल्याचं कुणाच्या डोक्यातही नसतं.

अशा बाईला थंडीत न्यूमोनिया झाला, लघवीचा संसर्ग झाला, पडून हाड मोडलं किंवा झोप येत नाही म्हणून कुणी झोपेची गोळी दिली की मिक्सिडिमा कोमा. नाव कोमाचं असलं तरी बहुतेक जणी पूर्ण बेशुद्ध नसतात. गुंगीत असतात, विचारलं तर उशिरा आणि भलतंच उत्तर देतात. काही उलट भ्रमिष्टासारखं बोलतात, संशय घेतात. रिचर्ड आशर यांनी १९४९ साली असे १४ रुग्ण मांडले होते, मानसिक आजाराच्या छापाखाली दबलेले. तेव्हा रात्री अडीच वाजता ‘आजी बडबडतायत, एक इंजेक्शन द्या झोपेचं’ असं कुणी म्हणालं तर हात आवर. श्वास आधीच मंद असतो, कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यावर झोपेचं औषध म्हणजे घातच.

तुझ्या थर्मामीटरबद्दलही बोलायला हवं. नेहमीचा काचेचा थर्मामीटर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली दाखवतच नाही. पारा हलला नाही की सिस्टर ‘अफेब्राइल’, म्हणजे ताप नाही, असं लिहिते. पोटावर हाताची पालथी बाजू ठेव, गार लागतं का बघ. नाडी चाळीस-पन्नास, ईसीजीत सगळ्या लाटा बुटक्या, छातीच्या फोटोत हृदय मोठं, आणि अंग गार. आणखी एक खोच लक्षात ठेव. संसर्ग असूनही या बायकांना ताप येत नाही. गार असायला हवी तिचं तापमान ‘नॉर्मल’ निघालं, तर तोच ताप समज आणि संसर्ग शोध.

मग काय करायचं? आधी श्वास. ऑक्सिजन लाव, साखर तपास. रक्त काढून ठेव, त्यात कॉर्टिसोलसाठी (अॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) वेगळं काढायला विसरू नकोस. मग हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे तेच कॉर्टिसोल औषध म्हणून, १०० मिलिग्रॅम शिरेतून, थायरॉक्सिनच्या आधी. अॅड्रिनल ग्रंथीही दमलेली असेल आणि आपण नुसतं थायरॉक्सिन ओतलं तर शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसोल झपाट्याने संपतं आणि रक्तदाब कोसळतो. संसर्गाचा संशय असेल तर अँटिबायोटिक ताबडतोब. पांघरुणं दोन-तीन घाल, खिडक्या लाव. गरम पाण्याच्या पिशव्या, शेगडी, हीटर अंगाजवळ मात्र अजिबात नको. नातेवाईक प्रेमापोटी शेगडी आणतीलच, प्रेमानेच बाहेर पाठव. बाहेरून तापवलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि प्रेशर जातं. सलाइन सांभाळून, डेक्स्ट्रोजचं नुसतं पाणी नको.

१०८ तोवर बोलावलेली असू दे. हिची जागा आयसीयूत, व्हेंटिलेटर असेल तिथे. शिरेतून द्यायच्या थायरॉक्सिनचा पहिला डोस पुस्तकात २०० ते ४०० मायक्रोग्रॅम आहे, म्हाताऱ्यांना आणि हृदयरोग्यांना कमी. ते इंजेक्शन तुझ्याकडे नसणार, जिल्ह्यालाही मिळेलच असं नाही. म्हणून हातपाय गाळू नकोस. चंदीगडच्या पीजीआयमधून २००८ साली २३ रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यात तोंडाने दिलं की शिरेतून, याने परिणामात फरक दिसला नव्हता. गोळ्या कुटून रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, देता येतात. किती, ते वरच्या फिजिशियनला फोन करून ठरव, एकटीने बेत करू नकोस. त्याच अभ्यासात निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण दगावले, आणि ३९ टक्के जणांना आपल्याला थायरॉइड आहे हे त्या संकटातच पहिल्यांदा कळलं. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त छळतो, कारण तो आयसीयूचा नाही, आपल्या ओपीडीचा आहे.

तुझ्या भागात एक प्रकार खास जपून शोध. मध्यमवयीन बाई, थकलेली, रक्तदाब कमी, सोडियम कमी, आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा किंचितच वर. लॅबचा कागद म्हणतो थायरॉइड नाही. तिला विचार, शेवटच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का, बाळाला दूध आलं का, पाळी पुन्हा आली का. तिन्ही उत्तरं जुळली तर बिघाड थायरॉइडमध्ये नसून मेंदूखालच्या पिट्युटरीत असतो. त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) आणि सकाळचं कॉर्टिसोल मागव. हिच्या बाबतीत ‘हायड्रोकॉर्टिसोन आधी’ हा नियम मोडणं म्हणजे जिवाशी खेळ, असं समजून तो पाळ. आणि पाळीत फार जातं (थायरॉइड कमी असलं तरी असं होतं) म्हणून पिशवी काढायला निघालेली प्रत्येक बाई आधी टीएसएच करून मगच पुढे जाऊ दे. यावरून सर्जन चिडले तर चिडू देत.

नडगीवरची सूज दुसऱ्या बाजूनेही येते. थायरॉइड जास्त काम करतं त्या ग्रेव्हज आजारात काही थोड्या जणांच्या नडगीच्या पुढच्या भागावर त्वचा जाड, कडक, लालसर-तपकिरी होते, छिद्रं मोठी होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसते. साठतं तेच, पण साठवणारे असतात त्या आजारातले प्रतिपिंड. बहुधा डोळेही बटबटीत झालेले असतात. क्वचित हे इतकं वाढतं की पाय थेट हत्तीपायासारखा दिसतो. उद्या तुझी बदली गडचिरोली-चंद्रपूरकडे झाली तर तिथे खरा हत्तीरोग आहेच, त्यामुळे प्रत्येक जाड पाय त्याच खात्यात जातो. डोळे बघ, नाडी मोज, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का बघ. विडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडायला लाव, ओढण्याने डोळ्यांचं दुखणं नक्की बळावतं.

तुझ्या पेशंटबद्दल: वय आणि ईसीजी पाहता २५ मायक्रोग्रॅमवरून सुरू कर. शंभराचा टीएसएच बघून एकदम पूर्ण डोस दिलास तर हृदयाला झेपणार नाही, छातीत दुखायला लागेल. काही आठवड्यांनी थोडं थोडं वाढव, टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. एकादशीला, चतुर्थीलाही गोळी चालते, हे स्वतःहून सांग, त्या विचारणार नाहीत. सुनेला बोलावून तिच्यासमोर सांग, बाटली कुठे ठेवायची तेही ठरवून टाक. लॅसिक्स बंद कर, पण सूज लगेच उतरणार नाही, त्याला आठवडे लागतात हे आधीच बोलून ठेव, नाहीतर ती दहाव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल आणि तिथे पुन्हा लॅसिक्स मिळेल.

आणि कमी तापमान दाखवणाऱ्या थर्मामीटरचा इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे लेखी मागणी, आत्ताच लाव. स्टोअरमधून विचारतील, हा कशाला? माझ्या नावावर खपव हवं तर. दिवाळीनंतर तुमच्याकडे थंडी एकदम पडते.

तुझी,
मॅडम