अर्धं झाकून ठेव

अगं,

तुझा रविवारचा मेसेज दोनदा वाचला आणि फोटो मोठा करकरून पाहिला. तुझ्या अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळालेल्या जमिनीच्या, कमिटीचं पत्र, त्यातली 'लागवड समाधानकारक नाही, महिनाभरात सुधारणा करावी' ही ओळ, आणि मागे तुझा प्लॉट. कमरेएवढं गवत, करप्याने काळे पडलेले टोमॅटो, आणि शेडच्या छपरापर्यंत चढलेलं बाइंडवीड, वर पांढरी फुलं मिरवत. तू विचारतेस, "काका, परत देऊन टाकू का? की मीच आळशी आहे?"

आळशी बिळशी काही नाहीस. एप्रिलमध्ये तू बावीस भाज्यांचा रंगीत तक्ता पाठवलास तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण चौकोन इतके देखणे होते की मीही हरखलो आणि 'वा वा' लिहून मोकळा झालो. तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता हे लांबलचक पत्र सोस.

सांगायचंय ते एवढंच: अर्धं झाकून ठेव.

आधी जमिनीचा हिशोब बघ. इथे इंग्लंडमध्ये अलॉटमेंट अजूनही पोल या जुन्या मापात मोजतात. पूर्ण प्लॉट दहा पोलांचा, तुझा अर्धा म्हणजे पाच. एकरात पोल 160 आणि गुंठे 40, म्हणजे चार पोलांचा बरोबर एक गुंठा. तुझा प्लॉट सव्वा गुंठ्याचा. गावाकडे सव्वा गुंठ्याला कुणी शेत म्हणणार नाही, पण फोर्क हातात घेऊन एकटीने खणायला लागलं की तेच पाच एकरांसारखं वाटतं. इथल्या 1922 च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्या आहे: 40 पोलांपर्यंतची जमीन, कसणाऱ्याने मुख्यतः आपल्या घरापुरता भाजीपाला आणि फळं काढण्यासाठी कसलेली. घरापुरता! तुमच्या घरात माणसं दोन. कोर्जेटची, म्हणजे झुकिनीची, नऊ रोपं कुणासाठी लावलीस? जुलैत एक रोप दोन माणसांना पुरून उरतं. उरलेल्या आठांनी तुझे शनिवार खाल्ले.

हे मी तावातावाने बोलतोय, कारण तू जे केलंस ते मी दुप्पट केलंय.

मला प्लॉट मिळाला 1998 मध्ये. तेव्हा आमच्याकडे वेटिंग लिस्ट नव्हती, अर्धी साइट ओस पडली होती. सेक्रेटरीने विचारलं, एक देऊ की दोन? अलिबागकडचा माणूस, वर्षाचं भाडं एका सिनेमाच्या तिकिटांएवढं. नाही कसं म्हणणार? दोन घेतले. पाच गुंठे. मग भाड्याने रोटाव्हेटर आणला आणि एका शनिवारात सगळं फिरवून काढलं. माती भाकरीच्या पिठासारखी झाली. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवली. तीन आठवड्यांनी त्या पिठातून बाइंडवीडचे हजार कोंब वर आले. त्याचं मूळ शेवईसारखं पांढरं असतं आणि बोटभर तुकडा मातीत राहिला तरी फुटतो. मी एका वेलीचे हजार तुकडे करून स्वतःच्या हाताने पेरले होते. आपल्याकडच्या चांदवेलीची ही थोराड बहीण. आणि हरळीचं जे, तेच इथल्या काउच ग्रासचं. गावाकडे हरळीने बेजार झालेल्या शेतात यंत्र फिरवलं असतं तर आजोबांनी मला हाकलून दिलं असतं. पण इथे आलं की आपण गावातलं शहाणपण विमानतळावर ठेवून येतो आणि हट्ट तेवढे बरोबर आणतो.

हट्टांचंच सांगतो. मी बरोबर पांढऱ्या कांद्याचं आणि वालाचं बी आणलं होतं. असं बी आणू नये हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तू आणू नकोस. कांद्याची हिरवी पात दिसायला लागली न लागली तोच त्याने गाठ धरली. गाठ केवढी? गोटीएवढी. आपले कांदे लहान दिवसांत पोसणारे. इथे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा. कांद्याला वाटलं हंगाम संपला, त्याने घाईघाईने दुकान आवरलं. वालाचं नेमकं उलटं. वेल शेडवर चढला, शेडवरून शेजाऱ्याच्या काटकीवर गेला, पानं तळहाताएवढी, आणि फूल एकही नाही. तो लहान दिवसाची वाट बघत बसला. फुलं आली सप्टेंबर संपताना, आणि ऑक्टोबरातल्या पहिल्या फ्रॉस्टने वेलाचा उकडलेला पाला करून टाकला. तुझी कोथिंबीर जूनमध्ये पंधरा दिवसांत फुलावर आली, तेही याच लांब दिवसांमुळे. तुझ्या हाताचा दोष नाही. तीन-तीन आठवड्यांनी ओंजळभर पेरत राहायचं, एवढाच त्यावर इलाज. पण बावीस वाफे सांभाळणाऱ्या बाईला तीन आठवड्यांनी पेरायला वेळ कुठला? पुन्हा तिथेच येतो मी. अर्धं झाकून ठेव.

हे मी शोधून काढलेलं नाही. माझ्या डावीकडे एक जमैकन आजोबा होते, बसचालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा अर्धा प्लॉट कायम काळ्या ताडपत्रीखाली. मला वाटायचं, म्हातारा थकलाय. उरलेल्या अर्ध्यात मात्र एक तण दिसायचं नाही, आणि संध्याकाळी सहा वाजता ते उलट्या क्रेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत असायचे. मी घामाघूम, ते गप्पा मारतायत. राग यायचा. एकदा त्यांनी पालेभाजीची जुडी हातात दिली, म्हणाले कॅलालू. मी देठ मोडून पाहिला: हा तर माठ! माझ्या घरात लसूण-मिरचीवर परतलेला, त्यांच्या घरात कांदा, थाइम आणि खारवलेल्या माशाबरोबर. कॉव्हेंट्रीजवळच्या गार्डन ऑरगॅनिक संस्थेने मिडलंड्समधल्या अलॉटमेंटवर परदेशातून आलेल्या लोकांनी कुठली कुठली पिकं रुजवली याच्या नोंदी केल्या, 'सोइंग न्यू सीड्स' या नावाने. असल्या जुड्या हातोहात फिरतात त्यातूनच ती यादी होते.

त्याच ऑक्टोबरात मी साइटवर पोपटी, म्हणजे आपल्या अलिबागकडची मडक्यात भाजलेली शेंगा-कोंबडी, लावायचा घाट घातला. वाल नव्हते, म्हणून रनर बीन्सच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, मक्याची कणसं आणि मसाला लावलेली कोंबडी. मडकं म्हणून फुलझाडाची मातीची कुंडी, घासून पुसून. अडलं ते भांबुर्डीपाशी. भांबुर्डीच्या पाल्याशिवाय पोपटी म्हणजे नुसती उकड. मी इकडेतिकडे बघितलं, रुबार्बची हत्तीच्या कानाएवढी पानं अजून उभी होती. चार तोडली आणि कुंडीत अंथरायला घेतली. आजोबा क्रेटवरून उठले, एरवी गुडघ्याला हात लावून उठणारा माणूस अक्षरशः धावत आला, आणि पानं माझ्या हातातून हिसकावून घेतली. रुबार्बचा देठ खायचा, पान विषारी. मला कोण सांगणार? मी सहा महिन्यांत कुणाशी बोललोच नव्हतो. शेवटी कोबीची पानं घातली. ओवा भरपूर घातला. पंधरा-सोळा माणसं उभ्याने जेवली, आणि त्यातल्या निम्म्यांची नावं मला त्या दिवशी कळली.

आता जे सांगतो ते सहसा कुणाला सांगत नाही. दोन वर्षांनी सप्टेंबरात आजोबांनी मला बटाटे काढायला हात द्यायला सांगितलं. गुडघा फारच धरला होता. मी म्हटलं, रविवारी येतो. त्या रविवारी माझ्या दुसऱ्या प्लॉटवरचं बाइंडवीड काढत होतो. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी पाऊस. मार्चमध्ये बटाटे लावायला गेलो तर त्यांच्या प्लॉटवर दुसरंच कुटुंब वाफे आखत होतं. ते मुलीकडे राहायला गेले म्हणे; पत्ता कुणाकडेच नव्हता. त्यांचे बटाटे मातीतच राहिले असणार. अडीच गुंठे तण काढण्यापायी मी दोन तास दिले नाहीत, आणि त्या तणातलं अर्धं आजही तिथे आहे. त्यांनी दिलेल्या माठाचं बी मी दरवर्षी धरतो. त्याने काही फिटत नाही, पण धरतो.

त्यानंतर मी एक प्लॉट परत दिला आणि उरलेल्याचा अर्धा झाकला. तिथेही मी शहाणा! झाकला घरातल्या जुन्या कार्पेटने. कमिटीने पत्र पाठवलं की कार्पेट चालणार नाही, त्यातली रसायनं मातीत उतरतात. मी चार पानी उत्तर लिहिलं. वार्षिक सभेत उभा राहून बोललो. आमचं कार्पेट लोकरीचं होतं, अस्सल लोकरीचं, त्यात कसली रसायनं? शेवटी गुंडाळून कचरा डेपोत नेऊन टाकलं. नियम बरोबरच होता. पण लोकरीच्या कार्पेटखाली बाइंडवीड जितकं गुदमरलं तितकं नंतर कशाखालीच नाही, हे मी आजही म्हणतो.

तू मनात म्हणत असशील, काका, अर्धं झाकूनच ठेवायचं तर परत का देत नाही? वेटिंग लिस्टवर लोक चार-चार वर्षं थांबलेत. बायकोही हेच म्हणते. बरं, ऐक. झाकलेली जमीन वाया जात नाही. खाली गांडुळं काम करतात, दोन वर्षांनी ताडपत्री सरकवली की लोण्यासारखी माती मिळते आणि उघडा भाग विश्रांतीला जातो. शिवाय बटाटे नि कोबी दरवर्षी त्याच जागी लावू नयेत, फिरवायला जागा लागते. शिवाय... शिवाय मला दहा पोल हवेत. झालं समाधान? सत्तरीच्या माणसाला एवढं विचारू नये. तुझी गोष्ट वेगळी, तुझ्याकडे मुळात पाचच आहेत.

तर आता महिनाभरात काय. पाण्याच्या टाकीकडचा अर्धा भाग उघडा ठेव, कारण जुलैत झारी घेऊन चालताना प्रत्येक पाऊल मोजलं जातं. उरलेल्या अर्ध्यात खणू नकोस. कृपा करून रोटाव्हेटर नको. गवत कात्रीने घोट्याइतकं काप, पाणी मार, पुठ्ठे हातभर एकमेकांवर चढवून अंथर, वर काळं कापड, कडेने विटा. बाइंडवीड कडेकडेने डोकं काढेल, तेवढं ओढत जा. एका वर्षात मरत नाही, दोन लागतात, कधी तीन. आणि सेक्रेटरीला आजच दोन ओळी लिही: एवढा भाग झाकते आहे, एवढा पेरते आहे, फोटो सोबत. न सांगता झाकलं तर त्यांच्या वहीत ते पडीकच. माणसं वाईट नाहीत, त्यांना लिस्टवरचे लोक रोज फोन करतात.

उघड्या भागात या हंगामात तीनच पिकं. मेथी या आठवड्यात, किराण्याच्या दुकानातली मसाल्याचीच, रात्रभर भिजवून. फ्रॉस्टच्या आधी दोन खुडे मिळतील. ऑक्टोबरात लसूण. नोव्हेंबरात ब्रॉड बीन्स, 'अक्वाडुल्से' जातीचे, ते थंडी काढतात. व्हिडिओतला तो कॉर्नवॉलचा माणूस आणखी काय काय पेरेल, पेरू दे. तिकडची हवा निराळी.

घोड्याची लीद फुकट मिळतेय म्हणून लगेच पसरू नकोस. गवतावर मारलेलं तणनाशक घोड्याच्या पोटातूनही तसंच बाहेर येतं. माझे एका वर्षाचे सगळे टोमॅटो त्याने नेले, पानं नेच्यासारखी गुंडाळली. आधी एका कुंडीत लीद मिसळून चार ब्रॉड बीन्स पेर. पानं सरळ आली तर घे.

शनिवारी नऊला येतो. पुठ्ठे सायकलच्या दुकानातून आण, मोठे मिळतात. टेप आणि पिना घरीच काढून ठेव, प्लॉटवर काढत बसलीस तर मी चिडेन. खुरपं माझं आणतो, तुझं ते गुलाबी मुठीचं काही कामाचं नाही. चहा तुझ्याकडे.

तुझा,
काका

ता. क. जुलैत तू तीन आठवडे पुण्याला होतीस आणि त्यातले दोन कोरडे गेले. तरी तुझी मिरचीची रोपं जगली. तुझ्या उजवीकडच्या पोलिश बाई रोज संध्याकाळी दोन झाऱ्या घालत होत्या. मला परवा गेटपाशी कळलं. शनिवारी त्याही असतात. थर्मास मोठा आण.