विडी वळताना मान, अंगठा दुखतो

प्रश्न : घरी रोज हजारभर विड्या वळते. संध्याकाळी मान धरते, उजवा अंगठा ठणकतो. उपाय सांगा. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मूळ मांडीवरच्या सुपात आहे. ते खाली, म्हणून मान तासन्‌तास वाकलेली. चार इंच उंच पाटावर बसा (घडी घातलेली चादरही चालेल, सोलापुरात तिला काय तोटा!), पाठ भिंतीला टेकवा, सुपाखाली उशी घ्या. हात कोपराच्या जरासे खाली राहायला हवेत. अंगठ्याचं म्हणाल तर पान नीट भिजलं नसलं, कात्री बोथट असली की जोर दुप्पट लागतो. कातरणं, वळणं आलटून पालटून करा, अर्ध्या तासाने उठा. बोटांना मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.