एकच आळी धर

अगं, मेसेज वाचला तुझा. रत्नदुर्ग, मांडवी, थिबा पॅलेस, पतितपावन मंदिर, अख्खी रत्नागिरी एका सुट्टीत पायी फिरायची आणि वर विचारतेस की सगळं तर आधीच लिहून झालंय, मी नवीन काय शोधणार. एकच आळी धर. तू राहतेस ती टिळक आळीच धर.

लोकमान्य १८५६ साली तिथे जन्मले, ते घर बघायला शाळांच्या ट्रिपा येतात, फोटो काढतात आणि निघतात. पण शेजारची विहीर कुणाची, आळीतलं पावसाचं पाणी कुठून वाहून जातं, कुठल्या घराचा गिलावा पडून आतला चिरा दिसतोय हे कोण बघतं? थिबाचंही तेच, ब्रह्मदेशाचा हा कैदी राजा इथे आला १८८६ ला आणि राजवाडा झाला १९१० च्या सुमारास, मधली वीसहून जास्त वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला, त्या बंगल्यांची चौकशी करणारा मला क्वचितच भेटतो.

तू कौलं बघ. पडलेलं मंगलोरी कौल दिसलं की उलटं कर, कारखान्याचं नाव ठशात असतं. मंगलोरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ ला निघाला, म्हणजे तसलं छप्पर त्यानंतरचं. छप्पर हं, घर नव्हे! घर त्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं, हा घोळ सगळे करतात आणि मग मला चीड येते. घराचं बघायचं तर सिटी सर्व्हेच्या ऑफिसात जाऊन प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीच्या नोंदीचा उतारा, काढ, त्यावरची नावं घेऊन परत आळीत ये, म्हाताऱ्यांना विचार. पुन्हा सांगतो, त्याच आळीत.

लोक मला विचारतात, एवढी वर्षं एका आळीत फिरून मिळवलंस काय, पुस्तक कुठाय? नाही लिहिलं, लिहिणारही नाही. पण रस्ता रुंद झाला तेव्हा कुणाची पडवी गेली हे विचारायला माझ्याच दारात येतात ना? आमच्याकडची माडीची घरं एकेक करून पडली, कुणाकडे साधा फोटो नाही, ती सल आहे म्हणून तुला एवढं टोचून बोलतोय, राग मानू नकोस.

आणि हो, मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायला, कौलं खाली उतरतात. कुणाकडे कधी आहे ते आत्ताच विचारून ठेव, सकाळी लवकर जा, आणि नुसती बघत उभी राहू नकोस, चार कौलं हातात घे.