रुमाल टाकून धरलेली जागा

प्रिय पोरी,

रात्री एक वाजता पाठवलेली तुझी मेल सकाळी चहा घेताना वाचली. एकच लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी जोडत जातो ती. ‘एलएस -एल’ तिला ३.१ जीबी दाखवतं आणि ‘डीयू’ ४ जीबी. डिस्क गेली असं वाटून सर्व्हिस बंद करून, डिस्क अनमाउंट करून ‘एक्सएफएस रिपेअर’ हे दुरुस्तीचं साधन चालवायच्या बेतात होतीस तू. आधी विचारलंस हे फार बरं केलंस. बिघडलेलं काहीच नाही.

‘एलएस’ फाइलची लांबी सांगतं, म्हणजे शेवटचा बाइट कुठे आहे ते. ‘डीयू’ त्या फाइलच्या नावावर किती ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे ठरावीक मापाचे कप्पे, मांडलेत ते मोजतं. हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत असा नियम नाही. तुझ्या फाइलचे जास्तीचे ब्लॉक शेवटच्या बाइटच्या पुढे आहेत, अजून कोरे.

एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत जातो ना, तसं. एक्सएफएसला, म्हणजे तुझ्या डिस्कवर फाइली मांडणाऱ्या फाइल सिस्टीमला, दिसतं की ही फाइल वाढतेच आहे, म्हणून ती पुढची जागा आधीच धरून ठेवते. नाहीतर वीस लॉग एकाच वेळी लिहिले जात असताना याचे चार ब्लॉक, त्याचे चार ब्लॉक अशी खिचडी होते आणि प्रत्येक फाइलचे शेकडो तुकडे पडतात. पूर्वी हा रुमाल ठरलेल्या मापाचा असायचा, ६४ केबीचा. २०११ साली आलेल्या लिनक्सच्या २.६.३८ कर्नलपासून तो फाइलबरोबर वाढायला लागला: फाइल मोठी तशी धरलेली जागाही मोठी, साधारण दुपटीच्या हिशेबाने, ४ केबीच्या ब्लॉकवर जास्तीत जास्त ८ जीबीपर्यंत. म्हणून तुझा आकडा बरोब्बर ४ वर थांबलेला दिसला. डिस्कवरची मोकळी जागा ५ टक्क्यांच्या खाली गेली की एक्सएफएस स्वतःच हात आखडता घेते.

जागा परत कधी मिळते? बहुतेक वेळा फाइल बंद होताच. पण जी फाइल सारखी उघडून, दोन ओळी जोडून बंद केली जाते, तिची चाल फाइल सिस्टीम ओळखते आणि रुमाल काढत नाही. असे रेंगाळलेले रुमाल गोळा करायला मागे एक फेरी असते, दर ३०० सेकंदांनी. तुझा लॉग सतत लिहिला जातोय, म्हणून त्याच्या वाटेला ती फेरी जात नाही.

आता तुला कोणीतरी सांगेल, ‘अ‍ॅलोकसाइझ’ हा आधी धरायच्या जागेचं माप ठरवणारा माउंट ऑप्शन ६४ केबी करून टाक, आकडे जुळतील. आकडे जुळतील हे खरं. पण मग सगळे लॉग पुन्हा तुकड्यातुकड्यांत लिहिले जातील, आणि ते तुला सहा महिन्यांनी बॅकअप रखडायला लागल्यावर कळेल. मी नाही करणार.

हा झाला फाइल सिस्टीमने आपणहून टाकलेला रुमाल. रिझर्व्हेशनचं तिकीट वेगळं, ते ‘एफ-अ‍ॅलोकेट’. तिथे प्रोग्रॅम सांगतो, मला एवढी जागा आत्ताच हवी, नसेल तर आत्ताच नाही म्हण. ते ब्लॉक मागची ती फेरी काढून नेत नाही. ह्यात मी एकदा तोंडावर आपटलोय. एका नोकरीत शहाणपणा करून रात्रीच्या लॉगसाठी २० जीबी आधीच धरून ठेवले. ‘-एन’ द्यायला विसरलो. ‘-एन’ दिलं तर जागा धरली जाते आणि लांबी आहे तेवढीच राहते. न दिल्यामुळे फाइलची लांबीच २० जीबी झाली. लॉगर तर नेहमी शेवटाला जोडतो. तो २० जीबीच्या पुढून लिहायला लागला आणि मी राखलेली सगळी जागा शून्यांनी भरलेली तशीच पडून राहिली. वर डिस्क भरली ती वेगळीच. जे टाळायला आटापिटा केला, नेमकं तेच झालं.

शून्यं म्हणालो, पण ती कोणी लिहिलेली नसतात. त्या ब्लॉकमध्ये आधीच्या कुणाच्या डिलीट झालेल्या फाइलचा मजकूर असू शकतो, आणि तो तुला दिसू देणं म्हणजे चोरीला आमंत्रण. म्हणून एक्सएफएस आणि ईएक्सटी४ (लिनक्सवरची दुसरी फाइल सिस्टीम) अशा पट्ट्यावर ‘अजून लिहिलेलं नाही’ अशी खूण करतात. वाचायला गेलीस तर डिस्कला हात न लावता शून्यं मिळतात. खरं लिहिलं की खूण पुसली जाते. त्यामुळेच ५० जीबीची फाइल क्षणात ‘तयार’ होते. मात्र ज्या फाइल सिस्टीमला ही खूण ठाऊक नाही तिथे ‘पॉझिक्स एफ-अ‍ॅलोकेट’ वापरलंस तर जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी प्रत्येक ब्लॉकला हात लावत बसते. तिथे क्षणात होण्याची अपेक्षा धरू नकोस.

खूण पुसणं फुकट नसतं, ती नोंद जर्नलमध्ये, म्हणजे फाइल सिस्टीमच्या बदलांच्या वहीत, जाते. पोस्टग्रेस नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर त्याचा हिशेब कसा ठेवतं बघ. त्याची वाल फाइल, म्हणजे प्रत्येक बदल आधी नोंदवायची फाइल, सहसा १६ एमबीची. नवी बनवताना ती खरोखरची शून्यं लिहून भरतं आणि जुनी झाली की फेकण्याऐवजी नाव बदलून पुन्हा वापरतं. म्हणजे प्रत्येक कमिटला, बदल पक्का करताना, डिस्कवर फक्त मजकूर जातो, नोंदी बदलाव्या लागत नाहीत. झेडएफएससारख्या, दर वेळी नव्या जागी लिहिणाऱ्या फाइल सिस्टीमवर ही आधीची भराई वायाच. म्हणून पोस्टग्रेसच्या १२व्या आवृत्तीपासून ती बंद करण्याची सोय आहे.

आणि अख्खी डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ’ जास्त, ‘डीयू’ कमी असं उलटं दिसलं तर रुमालाला दोष देऊ नकोस. बहुधा कुणीतरी उघडी फाइल डिलीट केलेली असते. उघड्या फाइली दाखवणारं ‘एलएसओएफ’ लाव, सापडेल.

आज लॉग रोटेट झाल्यावर, जुनी फाइल बंद झाली की, तिच्यावर दोन्ही आकडे पुन्हा बघ. मग ‘फाइलफ्रॅग -व्ही’ चालव आणि तुकडे किती पडलेत ते मला पाठव. नवीन लॉगचेही पाठव. क्लायंटला अजून काही कळवू नकोस.

तुझा,
काका