पाणी सोडून शंख-शिंपले का तपासायचे?

समुद्रातली हार्मोन बिघडवणारी केमिकल्स शोधायला पाण्याची बाटली भरून लॅबला दिली तर पुरत नाही का, असं विचारलंय. नाही पुरत. बाटलीत फक्त त्या क्षणाचं पाणी येतं, भरती-ओहोटीला आकडा बदलतो, आणि ही केमिकल्स इतक्या कमी प्रमाणात असतात की मशीनलाही पकडायला जड जातं. कालवं, काकई (गोव्यात शिणाणे) एकाच जागी चिकटून दिवसरात्र पाणी गाळत बसतात, त्यामुळे ती केमिकल्स त्यांच्या अंगात साठत जातात. अमेरिकेचा मसल वॉच (मसल म्हणजे काकई) प्रोग्राम १९८६पासून याच तत्त्वावर चालतो.

पण अंगात किती साठलं हे एक आणि हार्मोन बिघडले का हे दुसरं, ही गल्लत प्लीज करू नका. बिघाड बघायचा तर खडकावरचे शंख बघा. १९७०च्या सुमारास इंग्लंडात प्लिमथला डॉगव्हेल्क नावाच्या शंखाच्या माद्यांना लिंग फुटलेलं दिसलं, याला इम्पोसेक्स म्हणतात. कारण नंतर सापडलं: बोटींच्या तळाला शेवाळ, बार्नकल धरू नयेत म्हणून लावायच्या रंगातलं टीबीटी, म्हणजे ट्रायब्युटिलटिन. लिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या (ग्रॅमचा अब्जावा भाग) आसपासच पुरे! नरासारखी नळी वाढत वाढत मादीचा अंडी बाहेर पडायचा मार्गच बंद करते, मग अंडी आतच अडकतात आणि मादी मरूही शकते. या शंखाची पिल्लं पाण्यात तरंगत लांब जात नाहीत, खडकावरच रांगतात, म्हणून एकदा एखादा किनारा रिकामा झाला की तो पटकन भरत नाही.

याच टीबीटीमुळे फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची पिल्लंच धरेनात, शिंपा वेड्यावाकड्या जाड व्हायला लागल्या, धंदा बसला, तेव्हा १९८२ला लहान बोटींना टीबीटीचा रंग लावायला बंदी आली. ब्रिटनने १९८७ला केलं, जगभरचा करार २००८ला लागू झाला. बऱ्याच ठिकाणी शंख परत आले, मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पण बंदरांच्या गाळात टीबीटी अजून बसलंय आणि गाळ उपसला की परत वर येतं.

एक सावधगिरी: काकईत इस्ट्रोजेन (मादीचं हार्मोन, एक स्टेरॉइड) सापडलं म्हणजे तिचे हार्मोन बिघडले असा निष्कर्ष काढू नका, ती पाण्यातलं स्टेरॉइड सहज शोषून धरून ठेवते. सांडपाण्यातल्या इस्ट्रोजेनसाठी नर मासा बघा, त्याच्या रक्तात अंड्याच्या बलकाचं, एरवी मादीत बनणारं प्रोटीन, व्हिटेलोजेनिन, आलंय का ते. टीबीटीसाठी मात्र शंखच, आणि प्रत्येक वेळी एकच जात, सारख्याच आकाराचे, त्याच महिन्यात गोळा करा, शिवाय बंदरापासून लांबचा एक स्वच्छ खडक तुलनेला घ्याच.